रंजनाची वार्डाची फाईल

त्या दिवशी धुकं असं दाट होतं का धानाच्या बांधीतला बैल दिसत नव्हता, नुसती त्याची घंटी ऐकू येत होती. पुसातली थंडी, दहा वाजले तरी सूर्य चंद्रावानी फिक्का. त्या धुक्यातून आमची नात रंजना एसटीतून उतरून आली, बगलेत फाईल दाबून. गडचिरोलीले नर्सिंगच्या पहिल्या सालाले हाय ती. म्हणाली, "आबाजी, होळीच्या आधी ही फाईल भरली त वार्डात ड्युटी. नाई भरली त साल गेलं!"

त्या एका फाईलीपायी किस्से असे जमा झाले, जसा मोहाच्या फुलाचा सडा. सकाळी येचून टोपली भरा, दुसऱ्या सकाळी झाडाखाली पुन्हा तेवढाच! मले लिहिता येत नाई. मी सांगतो, रंजना लिहून घेते.

*

फाईलीत काय काय लागते ते तिनं वाचून दाखवलं. लहानपणीचे टीके, कावीळचे टीके, रक्त, छातीचा फोटो, टीबीची तपासणी. यादी संपेच ना!

माही बुढी, रंजनाची आजी, म्हणाली, "दवाखान्यात आजारी लोकं, अन् तपासणी आपल्या धडधाकट पोरीची? हे उलटं नाई काय?"

रंजनानं समजावलं का पेशंटचा रोग आपल्याले लागू नये, आपला त्याले लागू नये. बुढीले पटेना. मग मी म्हणलं, "अवं, पेरणीआधी आपण धानाचं बी मिठाच्या पाण्यात टाकून पाहतो ना? पोचट वर येते. तसंच समज."

बुढी दचकलीच. "म्हणजे पोरीले मिठाच्या पाण्यात टाकतेत?"

*

टीक्याचं जुनं कार्ड मी आड्याले पिशवीत जपून ठेवलं होतं. काढलं, त उधईनं बरोबर टीक्याचेच रकाने खाल्ले होते. नाव तेवढं शाबूत!

मग जुन्या नर्सबाईकडं गेलो. रिटायर होऊन आलापल्लीले राहतेत. म्हणलं, "बाई, आमच्या रंजनाले तुमीच टोचलं होतं. याद हाय काय?"

"हाय ना भाऊ! पोरगी घडीभर रडली, तुमी दोन दिवस!"

एवढी पक्की याद, पण कॉलेजातल्या क्लार्कबाबूले चालली नाई. त्याले रजिस्टरच पाहिजे. उपकेंद्रातलं जुनं रजिस्टर शोधून त्यात नाव काढलं, तेव्हा तो कागद लागला.

*

रंजनाची मैत्रीण पद्मा, सिरोंचाची. घरी तेलुगू, बाहेर मराठी. गोदावरीत डोंगा चालवणाऱ्या घरची पोर, कोणाले भेत नाई. कावीळच्या टीक्याले लाईनीत सगळ्यात पुढं उभी, अन् मागच्या पोरींले सांगून राह्यली, "काई नाई होत वं, मुंगी चावल्यावानी!"

सिस्टरनं दंडाले नुसता कापूस लावला. पद्मा धाडकन खाली!

डोळे उघडले त पहिला सवाल, "अयिपोयिंदा? झालं काय?"

"नाई बाई," सिस्टर म्हणाली, "आत्ता त कापूस लावला. मुंगी अजून डब्बीतच हाय!"

*

रंजनाचं रक्त कमी निघालं. बुढीनं तीळ घालून मोहाचे लाडू बांधले, डब्बाभर. मी एसटीनं नेऊन देले. महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. वाढलं ना रक्त! होस्टेलात बाजूच्या खाटेवरच्या पद्माचं!

बुढीनं दुसरा डब्बा भरला अन् मले बजावलं, "आता तिथीच बसजा. ती खाईपर्यंत उठू नोका."

बसलो. बसल्या बसल्या चार लाडू मीच खाल्ले.

तिसऱ्या डब्ब्यानं जमलं.

*

राहता राह्यली टीबीची तपासणी. कोपराच्या खाली इवलीशी सुई टोचतेत, भोवती पेनानं गोल काढतेत. दोन दिवसानं तिथी सूज किती आली ते पट्टीनं मोजतेत. पण हे मले आता माहीत. तेव्हा कुठी माहीत होतं?

सुई देल्यावर मधल्या दिवशी रंजना घरी आली अन् दुपारी उन्हात खाटेवर झोपून गेली. मी पाह्यलं, हातावर निळा गोल, मधात लाल ठिपका. म्हणलं, काईतरी चावलं पोरीले. दवाखान्यातल्या बाईनं निशाण करून देलं, दवा लावाची विसरली! आमच्याकडं काटा मोडो का पाय मुरगळो, इलाज एकच, बिबा. दिव्यावर तापवला अन् तेलाचा टिपका बोटानं बरोबर गोलाच्या मधात लावला. पोरगी उठली बी नाई. मले लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तिचा फोन. रडून राह्यली. "आबाजी, हात टम्म सुजला! पाण्याचे फोड आले! टीबी असन म्हणतेत. सोमवारपासून सगळ्या वार्डात जातेत, मले नाई म्हणलं!"

मी फोन ठेवला अन् माह्या बोटाकडं पाह्यलं. त्याले बी फोड आला होता.

सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलो. डॉक्टर बाहेरगावचे, त्यांनी बिबा कधी पाह्यला नव्हता. मी बोट पुढं केलं. "साहेब, मी बिबा लावला, तो उतला हाय. त्याच्या तेलानं असेच फोड येतेत. पोरीले ठाऊक बी नाई. गुन्हा माहा, तिचं साल नोका घालवू."

त्यांनी पोरीचा हात पाह्यला, माहं बोट पाह्यलं. मग त्याच पट्टीनं माहा फोड मोजला अन् म्हणाले, "आजोबा, या हिशेबानं टीबी तुम्हालाही आहे!"

मागं उभी असलेली सिस्टर मूल गावची, तिले बिबा ठाऊक. ती तोंडाले पदर लावून हासत बाहेर गेली.

छातीचा फोटो साफ निघाला. दुसऱ्या हातावर नवी सुई देली, अन् ताकीद बी देली, "सोमवारपर्यंत गावाला जायचं नाही. आणि आजोबांनी हात लावायचा नाही!"

मी बी तिथीच थांबलो. सोमवारी सकाळी डॉक्टर पट्टी घेऊन बसले, त मोजायले काईच नाई! घंट्याभरात रंजना वार्डात.

मी गावात उतरलो त गोष्ट माह्या आधीच पोचली होती. शेजारच्या कौसाबाई कुंपणापाशी उभ्या. इकडं तिकडं पाह्यलं, आवाज बारीक केला अन् म्हणाल्या, "भाऊ, आमच्या सरितानं बी नर्सिंगचा फारम भरला हाय. तेवढा तो बिबा तिच्या तपासणीले जपून ठेवजा!"