धाकट्याच्या गालावरची थप्पड

धाड गावच्या बाजारात फौजदारानं पहिली थप्पड मारली ती आमच्या ह्यांना. वांग्यांचे कॅरेट उतरवताना आमचा छोटा टेम्पो रस्त्यात उभा होता, एवढंच निमित्त. धाकटा दीर पुढं होऊन म्हणाला, "दादाले काऊन मारता साहेब?" तेव्हा दुसरी त्याला बसली. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत.

पण दीर पक्षाचं काम करतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या गालाची बातमी तालुकाभर झाली. आमदारांनी सांगितलं, तक्रार एकाच्याच नावानं द्या, म्हणजे फाटे फुटत नाहीत. नाव अर्थातच दिराचं.

मग माणसांची रीघ लागली. अंगण एकच, पण खुर्च्या सगळ्या माझ्या धाकट्या जावेच्या दाराशी. चहाला दूध मात्र माझ्या म्हशीचं. ठेवणीतली साडी नेसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्यायचा कान अजून दुखून राह्यला." आमच्या ह्यांना तर मार बसलेल्या कानानं धड ऐकूच येत नव्हतं, पण ते विचारायला आमच्या उंबऱ्यावर कुत्रं फिरकलं नाही.

चौकशीला वरचे अधिकारी आले. ह्यांचा जबाब घेतला तो दिराचा साक्षीदार म्हणून. घरी आल्यावर मी म्हटलं, "अन् तुमाले मारलं ते?"

"ते त्यायनं इचारलंच नाई," हे म्हणाले.

जळले मी, खोटं कशाला बोलू. मार दोघांनी खाल्ला आणि मान एकट्या धाकट्याला. फौजदाराला ठाण्यातून काढून मुख्यालयात बसवलं तेव्हा जावेनं पेढे वाटले. माझा पेढा मी पोरीला देऊन टाकला.

पुढं आमदारांनीच मिटवायचं ठरवलं. फौजदार घरी येऊन माफी मागणार, दीर तक्रार मागं घेणार. मला वाटलं, आता तरी. अंगणात येईल तर दोघांपुढंही हात जोडेल, त्याला कुठं जास्तीचं पडणार आहे? मी ह्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि दिराशेजारी आमच्या घरातली खुर्ची नेऊन ठेवली. तिच्यावर आमदार बसले.

फौजदारानं दिरापुढं हात जोडले. फोटो निघाले. जाऊ पदर सावरत मधोमध उभी राहिली, आणि तिच्याकडं बघून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दीर फोटोत गुंतलेला, म्हणून चहाचा ट्रे घेऊन हेच फिरू लागले. फौजदारापुढं आले तशी मी दोन पावलं पुढं सरकले.

त्यानं कप उचलला, ह्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही यांचे कोण?"

"मोठा भाऊ."

"बरं आहे. घरात कुणीतरी शांत माणूस पाहिजेच."

"हाव साहेब," हे म्हणाले. "साखर बरोबर हाये ना?"