पदरावरचं अंडं

पैठणच्या बसमध्ये शेजारच्या बाईंच्या पैठणीच्या पदरावर कुणाच्या तरी पिशवीतलं अंडं फुटलं. भाचीच्या लग्नाला निघालेल्या बाई रडकुंडीला आल्या. पुढच्या सीटवरचे टाय लावलेले गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन उठले आणि त्यांनी घसा साफ केला.

"घाबरू नका. अंड्यातलं प्रथिन गोळ्यासारखं गुंडाळलेलं असतं, ते गार पाण्यात विरघळतं. रेशमाचं प्रथिन लांब, घट्ट धाग्यांचं. त्याला पाणी काही करत नाही."

"मग वता की, गुरुजी! वाळाय लागलं!"

"ओततो. आधी गोळा का विरघळतो, ते पाहू."

बाईंनी बाटली हिसकावून पदरावर उपडी केली. डाग खरोखरच गेला.

"सिद्ध झालं!" गृहस्थ सगळ्या बसकडे पाहत म्हणाले.

विद्वत्तेशी माझं वैर नाही. फक्त बाटली विद्वत्तेच्या हातात नसावी.