शेंदराची खूण

गोंदियाकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात चिन्नोर तांदूळ घेताना दाण्याची जाडी मायक्रोमीटरने मोजणारा माणूस मी एकच पाहिला. झनकलाल मिस्त्री. तांदूळवाली बाई खेकसायची, "अवो मिस्त्री, घ्याचं तं घ्या, नाही तं सरका! सोना होय का हा?" मिस्त्री ढिम्म हलायचे नाहीत. तीन-चार दाणे मोजून मायक्रोमीटर बंडीच्या खिशात घालायचे आणि म्हणायचे, "डोळा खोटा बोलते, हात खोटा बोलते. हे नाही बोलत."

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. धानात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी घेतलेल्या ठासणीच्या जुन्या भरमार बंदुका घेऊन यायचे. मिस्त्रींनी कुणाच्याही हत्याराला विनाकारण कानस लावली नाही. "ज्याचा हत्यार त्याची अब्रू. आपुन त्याच्यावर ओरखडा काऊन काढावा?" असं त्यांचं म्हणणं.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. बाबा फौजेतून सुभेदार होऊन परतले होते आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्यामागे माझ्या नावावर झालं होतं. मी नेमबाजी खेळत होतो. राज्यस्पर्धेत पदक मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी होती, आणि वयाच्या अटीमुळे ते माझं शेवटचं वर्ष होतं. पण सरावात चार गोळ्या एका जागी लागायच्या आणि एखादी भलतीकडेच जायची. मला वाटायचं, माझाच हात हलतो.

मिस्त्रींनी रिव्हॉल्व्हरची चक्री काढली. तिच्यात गोळ्यांची सहा घरं. प्रत्येक घराच्या पुढच्या तोंडात त्यांनी मऊ शिशाचा तुकडा तोंडाचं माप उतरेल असा दाबून बसवला, काढला, मोजला, कागदाच्या पुडीत बांधून वर आकडा घातला. एवढ्याला त्यांनी अख्खी दुपार घेतली. मग म्हणाले, "बाबू, तुझा हात बराबर हाये. पाच घरं गोळीच्या मापाचे होत. सहाव्याचं तोंड सैल हाये."

"त्यानं काय होते काका?"

"गोळी म्हंजे पाहुणा, न् हे म्हंजे दार. पाहुण्याचं डोस्कं चौकटीले लागलं नाही पाह्यजे, न् दारू पिल्यावानी झुलत बी निंगला नाही पाह्यजे. सैल तोंडातून निंगलेली गोळी नळीत तिरपी शिरते, मंग कुठं जाईन ते तिलेच ठावं."

स्पर्धेत एका फेरीला पाचच गोळ्या भरतात. तेव्हा सहावं घर रिकामं ठेवायचं, एवढाच इलाज होता. चक्रीवर कानशीची रेघ मारायला ते तयार होईनात. देवाच्या फोटोपुढची डबी घेऊन त्यांनी तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका त्या घराशेजारी लावला. "हे घर पाहुण्यासाठी नाही," म्हणाले. त्या महिन्यात माझी एकही गोळी भटकली नाही. मी हवेत तरंगत होतो.

मग दसरा आला. आईने विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्याबरोबर रिव्हॉल्व्हरही पाटावर मांडलं. मी शेजारीच बसलो होतो. तिने सहाही घरांना हळदकुंकू लावलं, कुणावर अन्याय नको म्हणून! दुसऱ्या दिवशी मी कुंकू रॉकेलच्या फडक्याने पुसलं, आणि शेंदूरही पुसला गेला. खूण कुठल्या घराला होती ते मला आठवेना. एक घर तेच वाटलं. देव्हाऱ्यातला शेंदूर घेऊन त्यावर ठिपका दिला. गोरेगाव अर्ध्या तासाच्या रस्त्यावर होतं. गाडीत पेट्रोलही होतं. मी गेलो नाही. काडतुसं मोजकी उरली होती म्हणून चाचणीही घेतली नाही.

नागपूरला प्रत्येक फेरीत चार गोळ्या एकत्र लागल्या आणि पाचवी बाहेर गेली. पदक गेलं, नोकरी गेली.

निशाण्याचा कागद घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो खिडकीपाशी धरला, भोकांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "बाबू, खुणेचं घर खाली ठेवलं होतंस ना?"

त्या क्षणी मला दसऱ्याचा पाट आठवला, आणि सगळं कळलं.

"हो काका," मी म्हणालो.

"दर खेपेले?"

"दर खेपेला."

दोन्ही उत्तरं शब्दशः खरी होती. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तं मंग मीच चुकलो. तुझी नोकरी म्या खाल्ली बाबू."

तोंड उघडायला तेवढाच वेळ होता. मी उघडलं नाही. दोष दुसऱ्याच्या अंगावर गेला की केवढं हलकं वाटतं, हे मला त्या दिवशी समजलं. त्याची लाज आजही वाटते.

त्यानंतर मिस्त्रींनी हातात बंदूक घेतली नाही. बोदलकसा गावाकडून एक म्हातारा भरमार घेऊन आला, त्याला दारातूनच म्हणाले, "मिस्त्री मेला म्हन." एका बाजाराच्या दिवशी मी त्यांना तांदूळ घेताना पाहिलं. त्यांनी पिशवी पुढे केली, बाईने ओतला तो घेतला. दाणा हातातही धरला नाही. बाईच म्हणाली, "मोजत नाही का आज?" ते पिशवी उचलून पुढे गेले.

खरं सांगायला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा घरी पाहुणे होते. दुसऱ्यांदा ते एकटेच बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "तू येतंस तं बरं वाटते. दुसरा असता तं शिव्या देल्ल्या असत्या." चहा पिऊन परत आलो. शिमग्याच्या आधी छातीत कळ येऊन ते गेले.

तेराव्याला काकूंनी माझ्या हातात एक डबी दिली. "तुझ्या नावाची होती," म्हणाल्या. आत सहा पुड्या होत्या. पाचांवर नुसते आकडे होते. सहावीवर आकड्याखाली त्यांच्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "इथं मी चुकलो."

घरी येऊन मी चक्री काढली. सहाव्या पुडीतला शिशाचा तुकडा मी खूण केलेल्या घराच्या तोंडाला लावला. तो शिरेना. शेजारच्या घराला लावला, तर बोटाने ढकलताच अलगद आत जाऊन बसला. केसाचाही फरक नव्हता.

मी डबी उचलून त्यांच्या गल्लीत गेलो. दुकानाला कुलूप होतं. आता सांगणार कुणाला?