लेकीचं पोट आणि जाऊबाईंच्या शेळ्या

अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची माफी असावी. चौथीनंतर वही हातात धरली नव्हती.

थोरली लेक आठ-नऊ वर्षांची झाली तरी तिचे कपडे खराब व्हायचे. सारखं थोडं थोडं, पातळ. तिला कळायचंच नाही. आम्हाला वाटलं, हगवण लागलीय. सासूबाई जायफळ उगाळून चाटवायच्या, मी डाळिंबाची साल उकळून द्यायचे. पोट मात्र फुगतच चाललं. शाळेत मुली तिच्याजवळ बसेनात. जाऊबाई अंगणात शेळ्या बांधायच्या, त्या म्हणायच्या, "तुजी लेक आली की माज्या शेळ्या बी उठून जात्यात." सगळे हसायचे. लेकही हसायची.

मग तिनं सकाळची भाकरी सोडली. म्हणाली, "पोटात काय नसलं म्हंजी शाळंत काय व्हनार न्हाय, आई."

एक दिवस ती प्रार्थनेलाच चक्कर येऊन पडली. अंथुर्ण्याहून एसटीनं तिला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, फोटो काढला. म्हणाले, "ही हगवण नाही. आत शौचाचा खडा धरलाय, त्यानं आतडं ताणून मोठं झालंय. कडेनं पातळ झिरपतं, ते तिला कळत नाही. बंद व्हायचं काही देऊ नका." रक्त तपासलं तर फारच कमी निघालं. ओठ पांढरे पडलेले मी रोज बघत होते. रक्त चढवायचं, पोट धुवायचं, दवाखान्यात ठेवायचं. जवळ पैसे नव्हते. मालकांनी एसटीडीवरून गावातल्या दुकानात निरोप ठेवला.

बाजाराच्या दिवशी जाऊबाई दवाखान्यात आल्या, इंदापुरात दोन्ही शेळ्या विकून. पदराची गाठ सोडत म्हणाल्या, "आता कोन उठून जातंय, बगू."

लेक बरी झाली. औषध खूप दिवस चाललं, पण कपडे कोरडे राहू लागले. शाळेत मात्र ती टिकली नाही. दारात सोडली की माघारी यायची. "त्यास्नी समदं म्हाईत हाय," एवढंच बोलायची. चौथीची परीक्षा राहिली ती राहिलीच. मला वाटायचं, ही तरी माझ्या पुढं जाईल.

मग ती माझ्याबरोबर खुरपायला येऊ लागली. तिला मजुरी अर्धी मिळायची. ती आम्ही जाऊबाईंसाठी बाजूला ठेवायचो. शेवटचे पैसे तिनंच नेऊन दिले. जाऊबाईंनी मोजले नाहीत. म्हणाल्या, "बस गं जरा जवळ." ती त्यांना टेकून बसली. शेळ्यांचे सगळे पैसे फिटले होते.