दुपारी तापणाऱ्या मशिनी

आमच्या कारखान्यातले कापड विणायचे लूम विकल्यावर धाकट्या भावाने तिथे बिटकॉइन काढायच्या मशिनी आणून बसवल्या. दिवसरात्र आकडेमोड करणारी, बुटांच्या खोक्याएवढी खोकी. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पंखे आणि आवाज असा, की लूम परवडले. भाऊ भिवंडीबाहेरच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात नोकरीला. तिथून तो मोबाइलवर मशिनींचं तापमान बघायचा आणि बिघडलं की मला फोन करायचा. मी भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते, म्हणजे त्याच्या मते फुकटची मेकॅनिक. कारखान्याच्या वरच्या खोल्यांत मी आणि बाबा राहतो.

त्या उन्हाळ्यात मशिनी रोज दुपारी बंद पडायला लागल्या. सकाळी ठणठणीत, रात्रीही ठणठणीत. दुपारी मात्र तापमान सरसर चढायचं आणि एकेक मशीन आपली आपणच बंद व्हायची. "ताई, परत गेल्या गं," भावाचा फोन. मी दुकानातून रिक्षाने येईपर्यंत सगळं निवलेलं असायचं, खिडक्या सताड उघड्या, हवा खेळती. मी पंख्यांत अडकलेले सुताचे जुने तंतू ब्रशने काढले. चिप गार ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, मशिनींचा वेग उतरवला. फरक शून्य.

एकदा बोर्डामागच्या वायरीचं प्लास्टिक मऊ पडलेलं हाताला लागलं. असाच एक कारखाना जळताना मी पाहिलाय. छताच्या पत्र्याखाली साठलेली कापसाची धूळ पेटली की बंबाची वाट बघत बसत नाही. आणि दुपारी वर बाबा एकटे झोपलेले. त्यानंतर दुकानात फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उठायचे. भाऊ म्हणायचा, "तू उगाच टेन्शन घेतेस." त्याला काय जातंय म्हणायला, तो लांब गोदामात बसलेला.

शेवटी मी कोणालाही न सांगता सुट्टी घेतली. डबा घेऊन नेहमीसारखी बाहेर पडले आणि मागच्या दाराने कारखान्यात येऊन रॅकमागे स्टुलावर बसले.

जेवणाची वेळ टळल्यावर जिन्याचं दार उघडलं. बाबा आत आले, अनवाणी, हातात पाण्याची बादली. त्यांनी एकेक खिडकी ओढून लावली, कडी घातली आणि मग वाकून ओंजळीने जमिनीवर पाणी शिंपडायला लागले. लूम होते तेव्हा हे रोज चालायचं. वाऱ्याने आणि कोरड्या हवेने सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद आणि फरशी ओली. पण आता त्याच फरशीवरून चालू वायरी गेलेल्या होत्या, आणि बाबा शिंपडत शिंपडत खाली ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डाकडे निघाले होते.

ओरडावं तर दचकून बादली सांडेल. भिंत धरून मेन स्विचकडे निघाले, तर ते एवढंसं अंतर संपता संपेना. शेवटी खटका खाली ओढला आणि सगळे पंखे थांबले.

"लाइट गेली," बाबा म्हणाले आणि मागे न बघता खिडक्या उघडायला लागले. लाइट गेली की कारागिरांना वारा मिळावा म्हणून ते असंच करायचे. मशिनी तापून थांबल्यावर रोज त्यांना लाइट गेल्यासारखं वाटत असणार. मी पोहोचेपर्यंत फरशी वाळून सगळं निवलेलं का असायचं, ते मला आत्ता कळलं.

"बाबा, लूम कुठायत आता?"

ते दचकले. माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि ओशाळून हसले. "सवय हाय, बाय. आवाज आला का पाय आपसूक येतात."

मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता. वायरी भिंतीवर उंच चढवल्या आणि जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. भावाला एवढंच सांगितलं, की दुपारी खिडक्या बंद राहत होत्या. दुसऱ्या दिवशीही मी घरीच थांबले. दुपारभर तापमान जागचं हललं नाही. "ताई, तू ग्रेट आहेस!" भाऊ फोनवर म्हणाला.

फोन ठेवते न ठेवते तोच जिन्यातून खडखडाट ऐकू आला. बाबा दोन्ही हातांनी कुलूप खेचत होते. अंगावरचा सदरा घामाने भिजला होता.

"आत मानसं हायत," ते मला म्हणाले. "भायेरून टालं कोनी लावलं? आग लागली तर निंगतील कुठून?"

"बाबा, आत कोणी नाही."

"न्हाय कसं? मशीन चालू हाय ना!" त्यांनी माझं मनगट पकडलं. "मालकाला बोलव, पोरी. पाया परतो तुझ्या."

मालक ते स्वतःच होते. मी कुलूप काढलं, मेन स्विच पाडला आणि त्यांचा हात धरून एकेका रॅकमागे नेलं, कोणी नाही हे त्यांची खात्री होईपर्यंत दाखवत राहिले. भावाचा फोन वाजतच होता.

"आता काय झालं गं? सगळ्या एकदम कशा गेल्या?"

"मशिनी मी बंद केल्यात," मी म्हटलं. "तू आत्ताच्या आत्ता घरी ये. मला एकटीला भीती वाटतेय."