निकिफोरचे कान, उस्तिनाची मान

सप्टेंबर उजाडला की माझ्या भावाच्या बुडाखाली काटे उगवतात. बसला की उठतो, उठला की खिडकीशी जातो, खाडी बघतो आणि परत येऊन मला विचारतो, "ताई, मिठाच्या किती पिशव्या सांगितल्या होत्या मी?" सकाळपासून चौथ्यांदा! चार रे बाबा, चार. कातडी खारवायला गेली तीस वर्षं चारच लागतात, यंदा काय हरणं देवमाशाएवढी झालीत?

निकिफोर माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, म्हणजे आता त्रेसष्टचा. माझा नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरात असते. त्याची बायको त्याआधीच लांब अँकरेज शहराला निघून गेली. "ह्या माणसाबरोबर संसार म्हणजे जन्मभर धक्क्यावर उभं राहणं," असं म्हणाली, आणि काही खोटं नाही बोलली. मुलगी उस्तिना मात्र इथंच राहिली. नाक बापाचं, हट्टही बापाचा. बोलणं कुणाचं ते सांगता येत नाही, कारण ती फारशी बोलतच नाही.

चौदाव्या वर्षी निकिफोर बापाबरोबर सामन धरायला समुद्रावर गेला आणि एकतिसाव्या वर्षी मासेमारीची बोट विकून वाटाड्या झाला. लांबलांबचे पाहुणे यायचे, त्यांना समोरच्या बेटावर न्यायचं, हरीण मारून द्यायचं, धडधाकट परत आणायचं. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. हरणं तरी काय आमची जुनी? आमच्या आजीच्या लहानपणी ह्या भागात हरीण नव्हतंच, सरकारनं आणून सोडलेलं जनावर ते. पण निकिफोरला डोंगर आवडला. बोटीत पाय मोकळे करायला जागा नव्हती, असं तो अजून सांगतो.

त्या बेटावर कुणी राहत नाही. हरणं आहेत, आणि तो आहे. शिकारीच्या दिवसांत आम्ही त्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तो ऐकतो, असं आजी म्हणायची, आणि तिला खोटं पाडायची कुणाची छाती झाली नाही. इथं कागदावर एकदाच लिहिते: अस्वल. बास. बंदुकीचा बार झाला की आपल्यासाठी कुणीतरी पान वाढलंय, हे त्याला आता पक्कं ठाऊक झालंय.

म्हणून हरीण पडल्यावर निकिफोरचा एकच नियम. एकानं गुडघ्यावर बसून सोलायचं, दुसऱ्यानं बंदूक घेऊन त्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि झाडी ऐकायची. बघायची नाही, ऐकायची. आल्डरची झाडी इतकी दाट, की दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो. सोलणाऱ्यानं मान वर करायची नाही. सारखं मागं बघणारा स्वतःचा हात कापून घेतो आणि सगळ्यांचा वेळ घालवतो. अकरा वर्षं सोलायचं काम उस्तिनाचं आणि ऐकायचं काम बापाचं. तिची मान त्याच्या कानांवर टांगलेली, असं म्हणा हवं तर.

यंदाचा पाहुणा ऑस्ट्रियातला, लोइब्नर नावाचा दातांचा डॉक्टर. परदेशी माणसाला आमच्याकडे वाटाड्याशिवाय हरीण मारता येत नाही, म्हणून जानेवारीपासून पत्रं चालू. बूट कुठले आणू, रात्री थंडी किती असते, शिंगं विमानात घेतात का. नोव्हेंबरचे आठ दिवस ठरले, आणि वर तीन दिवस वाऱ्यासाठी, कारण वारा सुटला की विमान नाही आणि होडीही नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर निकिफोरनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी लावली. तंबू दोन, रॉकेल, मांसाभोवती लावायचं विजेचं कुंपण, त्याची बॅटरी, मीठ, दोर. सगळ्यात वर म्हाताऱ्या मावराचं नाव. तिला आता डोंगर चढवत नाही, तिच्या नावचा परवाना उस्तिनाकडे. आधी मावराचं हरीण, मग पाहुण्याची शिंगं, हा गावचा शिरस्ता.

यादी दर वर्षीचीच. पण माणूस दर वर्षीचा नव्हता. एकदा बांधलेला तंबू परत सोडायचा, मोजायचा, परत बांधायचा. वायरलेसवर हवामान लागलं की आवाज इतका मोठा, की मावरा तिच्या घरून ओरडायची, "निकिफोर, मला कळलं रे वारा कुठला ते!" आणि मी काही विचारलं की "हो, हो." चहा घेतोस? हो, हो. छपराला आग लागलीय! हो, हो.

मला कारण ठाऊक होतं. गेल्या वर्षी बेटावरून आल्यावर बान्यात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, बसलो होतो, मी आणि उस्तिना. तिनं तापल्या दगडांवर पाणी टाकलं आणि म्हणाली, "आत्या, काटकी मोडली."

"कुठं?"

"बाबांच्या डाव्या अंगाला, तीस पावलांवर. मी हरणाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेली, तरी मला ऐकू आलं. बाबा उजवीकडे तोंड करून उभे."

"मग गं?"

"ओरडले मी. तो गेला निघून."

"बापाला काही म्हणालीस?"

"काय म्हणू?"

खरंच, काय म्हणणार? ज्याच्या कानांच्या गोष्टी गावभर, त्याला पोटच्या पोरीनं सांगायचं? मी पण गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, कदाचित पुढच्या वर्षी तोच जाणार नाही. चूक केली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पाहुणा यायला नऊ दिवस उरले होते. रविवार, प्रार्थना आटोपलेली, मी सामन आणि भात भरलेला पिरोक भट्टीतून काढून टेबलावर ठेवलेला. निकिफोरनं खिशातून हरिणीची शिट्टी काढली. लाकडाच्या दोन पट्ट्या, मध्ये ताणलेलं रबर. नोव्हेंबरात नर माजावर येतात, ही वाजली की झाडीतून धावत बाहेर पडतात. ती वाजवायची त्याची हातोटी अशी, की एकदा मावराचा कुत्रा दारात येऊन बसला होता.

त्यानं ओठाला लावली, गाल फुगवले आणि वाजवली. फुस्स. नुसती हवा. रबर मधोमध फाटलेलं, मला टेबलापलीकडून दिसत होतं. त्यानं परत वाजवली, मान जराशी तिरपी करून, डोळे मिटून. फुस्स. मग समाधानानं शिट्टी रुमालाला पुसली.

"झकास वाजतेय," तो म्हणाला. "लांबची लांब जाईल."

उस्तिनानं पिरोकचा तुकडा तोंडाशी नेलेला तसाच खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. तो आपला खातोय, मिठाच्या पिशव्या किती म्हणून विचारतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होड्यांच्या शेडमध्ये गेले. निकिफोर दोर गुंडाळत होता. मी त्याच्या पाठीमागं उभी राहून तीनदा हाक मारली. मग पुढं जाऊन उभी राहिले, तेव्हा दचकला.

"मांजरीसारखी काय येतेस गं!"

"शिट्टी काढ. वाजव."

"काल वाजवली की."

"परत वाजव म्हणते ना!"

वाजवली. फुस्स.

"वाजली?"

"वाजली."

"आता रबरावरनं बोट फिरव."

त्यानं फिरवलं. बोट फटीत शिरलं. मला वाटलं आता भडकणार, माझा बाप काढणार, म्हणजे स्वतःचाच. पण तो मिठाच्या पिशवीवर बसला.

"मला ठाऊक आहे, ताई," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच कळलं. पोरगी ओरडली, आणि ती का ओरडतेय ते कळायला मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं."

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटत होतं, ह्याला कळत नाही. कळत होतं! कळत असून यादी लावत होता!

"आणि तरी तिला घेऊन निघालास? मान खाली घालून बसवणार होतास तिला? लाज नाही वाटत, मेल्या?"

"वाटते. म्हणून तर झोप नाही मला." त्यानं शिट्टी मुठीत आवळली. "रोज सकाळी ठरवतो, आज पाहुण्याला कळवायचं. मग यादी बघतो. ताई, मी घरात बसून काय करू? मावराबरोबर पत्ते खेळू?"

"खेळ! पोरीला खांद्यावरून आणण्यापेक्षा पत्ते बरे."

बोलून गेले. त्यानं तोंड दोन्ही हातांत घातलं. मला फार वाईट वाटलं. राग गेला नव्हता, पण हा माझा धाकटा भाऊ, ह्याला मी पाठीवर घेऊन खाडीचं पाणी ओलांडलेलं आहे. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा अर्धा राहिलेला दोर गुंडाळायला लागले.

तेवढ्यात उस्तिना कुंपणाची बॅटरी घेऊन आत आली. बापाच्या हातातली शिट्टी बघितली, माझं तोंड बघितलं, आणि बॅटरी खाली ठेवून दारातच थांबली. तिला काही सांगावं लागलं नाही.

निकिफोर उठला. खिळ्यावरची स्वतःची बंदूक काढली, रिकामी आहे ना ते बघितलं, आणि तिच्यापुढं धरली. दुसरा हात पसरला.

"सुरी दे तुझी. यंदा मी सोलणार. तू ऐकायचंस. पाहुण्याला आजच कळवतो, की कान माझ्या मुलीचे आहेत. नको म्हणाला तर नको."

उस्तिनानं सुरी काढली नाही. बंदुकीलाही हात लावला नाही. खाली, त्या ओल्या फळ्यांकडे बघत काहीतरी पुटपुटली. निकिफोर तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"काय म्हणाली?"

खोटं सांगता आलं असतं. हो म्हणाली, असं सांगितलं असतं तर तोही खूष, मीही मोकळी. पण आता बास झालं होतं. मी त्याच्यासमोर तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तिला भीती वाटते म्हणते! तू खाली बसलेला, आणि तिला ऐकू नाही आलं तर, म्हणते!"

निकिफोरनं मान हलवली. हात मात्र पसरलेलाच.

"मलाही वाटायची," तो तिला म्हणाला. "अकरा वर्षं, बंदुकीचा बार झाला की दर वेळी. तू खाली बसलीस की माझे गुडघे लटलट कापायचे. तुला कधी दिसलं नाही, कारण तू एकदाही मान वर केली नाहीस."

उस्तिनानं पट्ट्यातली सुरी काढून त्याच्या हातात दिली.