शिलाईचे दोन इंच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण कुणी मधेच हसलं की मला पुढचं सांगवत नाही. इतका वेंधळेपणा माझ्या हातून पुन्हा कधी झाला नाही. म्हणजे झाला, पण इतका मोठा नाही!

आम्ही तेव्हा चिंचवडला चाळीत राहायचो. अठरा वर्षं मी आजूबाजूच्या बायकांची पोलकी शिवत होते. मॅट्रिक झालेली होते, आणि चाळिशीत शिवणकामाची सरकारी परीक्षाही दिली. कशासाठी? तर एकदा तरी कुणी मला शाळेतल्यासारखं ‘बाई’ म्हणावं म्हणून. “काकू, माझं पोलकं झालं का हो?” ऐकून कान किटले होते. अशात चाकणच्या एका मुलींच्या शाळेतून पत्र आलं. शिवणाच्या बाईंची जागा आहे, सकाळी अकराला मुलाखतीस यावे, स्वतः शिवलेला एक नमुना आणावा.

मी दप्तर शिवलं. तीन दिवस खपून! जाड खाकी कापड, आत दोन कप्पे, आणि खांद्याला बाजेच्या कोऱ्या नवारीचा लांबलचक पट्टा. हत्तीनं ओढला तरी तुटू नये असा.

“मी आपली एसटीनं जाते,” मी म्हटलं.

“घरात गाडी असताना एसटी?” हे दुखावलेच.

आमचे हे कंपनीत टूलरूमला फिटर. तिथल्या एका साहेबांनी कंटाळून काढून टाकलेली गाडी यांनी हौसेनं घेतली होती. सहा दिवस ती चाळीपुढं उभी असायची आणि सातव्या दिवशी हे तिच्याखाली आडवे असायचे. पण नाही कसं म्हणणार? रजा टाकली होती यांनी माझ्यासाठी.

भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूलही मागं पडला. मी मनात उत्तरं घोकत होते. आणि फट्ट! मग फडफड, मग वाफ.

यांनी बॉनेट उघडलं. “पंख्याचा पट्टा गेला.”

“मग जाऊ दे की! खिडक्या उघड्या आहेत, वारा येतोय.”

“अगं, तो पंखा इंजिनाला वारा घालतो. तुला नाही!”

पट्ट्याच्या अशा चिंध्या झाल्या होत्या, की नमुना म्हणून पाठवायला तुकडासुद्धा धड उरला नव्हता. भोसरीला गफूरभाईंचं गॅरेज होतं, ओळखीचं. समोरून त्या बाजूला जाणारा ट्रक यांनी हात करून थांबवला. चिठ्ठीवर माप लिहून ड्रायव्हरकडे द्यायचं ठरलं. हे खिशातली पोलादी पट्टी काढायला लागले, आणि माझ्या अंगात संचारलं!

“व्हा बाजूला! केसाच्या जाडीची मापं तुम्ही घ्या तुमच्या कंपनीत. गोल वस्तूचं माप ती पट्टी घेणार आहे का? अठरा वर्षं कंबरा मोजतेय मी!”

पर्समधून टेप काढली, पट्टा बसतो त्या आतल्या तिन्ही चाकांवरून फिरवली आणि माप घेतलं. चिठ्ठी लिहिली. खाली ठसठशीत अक्षरांत आणखी एक ओळ घातली, ‘माप पक्के आहे. दुसरे देऊ नये.’ आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

ट्रक गेला. आता वाट बघणं आलं. मी गाडीत बसले, उतरले, परत बसले. दहा वाजले. सव्वादहा. एक एसटी आली, मी पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, तर ड्रायव्हरनं मला वळसा घालून नेली. खच्चून भरलेली!

“अहो, तुमचं घड्याळ पुढं तर नाही ना?”

“पाच मिनिटं मागं आहे,” हे म्हणाले. काय गरज होती सांगायची?

पावणेअकराला लांबून सायकल दिसली. गफूरभाई स्वतः आले होते, उन्हात पायडल मारत, नवा कोरा पट्टा हारासारखा गळ्यात घालून. मला तर त्यांना ओवाळावंसं वाटलं.

त्यांनी पट्टा चढवला. डायनॅमो ओढून ओढून पट्टा ताणायचा असतो म्हणे. ओढला. आणखी ओढला. डायनॅमो सरकायचा थांबला, पण पट्टा आपला लोंबतोय!

“भाभी, ह्यो ढिला हाय. माप कुनी घेतलं?”

“मी!” अजून माझी मान ताठच होती बरं का.

“परत घ्या बरं.”

घेतलं. छत्तीस इंच. यांनी गफूरभाईंच्या हातातली चिठ्ठी बघितली. अडतीस.

“हे दोन इंच कुठून आले?” यांनी विचारलं.

“कुठून म्हणजे? शिलाईचे धरले ना मी!” मी अगदी सहज म्हणून गेले.

शेतात एक बैल हंबरला.

“रबराला शिलाई?” हे हळू आवाजात म्हणाले.

गफूरभाई मटकन दगडावर बसले. “छत्तीसचा हातात हुता हो माझ्या! ह्या गाडीला त्योच लागतो. पर चिठ्ठी वाचली. दुसरे देऊ नये. खाली दोन रेघा! म्हनलं, भाभी शिकलेल्या बाई, आपन कोन? ठिवला परत.”

“अहो, मग दोन्ही आणायचे!” हे म्हणाले.

“आन् भाभींचा शब्द मोडायचा व्हय?”

भोसरीला परत जाऊन यायचं तर बारा वाजणार. यांनी सुतळी बांधून बघितली. गाठ चाकावर आली की तुटायची. दोनदा तुटली. मग दोघांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी वळली. मी दप्तर छातीशी धरलं.

“नाही! मुळीच नाही! मग दाखवू काय तिथं? कप्पे?”

“तिथं पोचलीस तर दाखवशील ना?”

पत्रात लिहिलेली अकराची वेळ माझ्या डोळ्यांपुढं नाचत होती. कात्री काढली आणि पट्ट्याचे टाके उसवले. स्वतःच्या हातचे टाके उसवताना काय होतं, ते शिवणाऱ्या बाईलाच ठाऊक. नवार लांबीत दुमडली, चाकांवरून ओढून घेतली, आणि गाठ न मारता टोकावर टोक ठेवून जागच्या जागी शिवायला बसले. बसले कुठली? कमरेत वाकून, डोकं बॉनेटखाली, नारायणपेठी नेसलेली, आणि हातात दाभण! या खेपेला दोन इंच जास्त नाही, उलट बोटभर कमी.

तेवढ्यात चाकणकडून दुसरी एसटी आली. ही मात्र मजा बघायला हळू झाली. कंडक्टर दारातून ओरडला, “बाई, इंजिनाला झबलं शिवताय का?”

सगळी एसटी खदखदली. मी मान वर केली नाही. टाका चुकला असता!

“आता यावर पाणी ओता,” मी सांगितलं. “कोरी नवार आहे, भिजली की आटेल.”

“आटंल?” गफूरभाई बघतच राहिले.

आटली! गच्च बसली. रेडिएटरमध्येही पाणी भरलं, आणि गाडी निघाली बैलगाडीच्या चालीनं. दर मैलाला थांबायचं, नवारीला पाणी पाजायचं, टाके चाचपायचे.

शाळेत पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ऑफिसला कुलूप लावत होत्या. माझे हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“मुलाखती संपल्या. नमुना तरी आणलाय का?”

मी दप्तर पुढं केलं.

“याला पट्टा कुठाय?”

“गाडीत आहे, बाई.”

“मग आणा की!”

“आणला तर गाडी घरी जाणार नाही.”

त्या थबकल्या. मग चष्मा लावून उन्हात आल्या. यांनी बॉनेट उघडलं. बाईंनी खाली वाकून शिवणीवर बोट फिरवलं, नखानं एक टाका उचकून बघितला.

“एवढ्या हिसक्यांत उसवलं नाही?” त्या म्हणाल्या. “माप कुणी घेतलं?”

“मी, बाई!”

“आणि दुकानातला पट्टा का नाही बसला?”

मी यांच्याकडे बघितलं. डोळ्यांनी विनवलं. पण आमचे हे सत्यवादी!

“त्याचंही माप हिनंच घेतलं होतं,” म्हणाले, आणि शिलाईसकट सगळं सांगून टाकलं.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसत राहिल्या, पुष्कळ वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “सोमवारपासून या. एसटीनं.”

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. चाळीस मुली एकदम उठल्या, “नमस्ते, बाई!” काय सांगू, डोळे भरून आले. फळ्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात पहिला धडा सांगितला, “मुलींनो, आयुष्यभर लक्षात ठेवा. माप घेतलं की शिलाईसाठी दोन इंच जास्त धरायचे.”

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, हे मला मागाहून कळलं.

“बाई, इंजिनाच्या झबल्यालापण?”